मिश्रण आणि भेसळ

वाचकहो, दुधात पाणी घालून ते विकणाऱ्या गवळ्याला आपण भेसळखोर म्हणतो. तेच दूध घरी आणून चहापुरते त्यात पाणी घालणाऱ्या गृहिणीला कोणी तसे म्हणत नाही. पाणी तेच, दूध तेच, प्रमाणही कदाचित तेच. मग एक कृती अपराध ठरावी आणि दुसरी नित्याचा गृहव्यवहार, हा भेद आला कोठून? प्रश्न बाळबोध वाटेल. परंतु डिझेलच्या इंजिनात तळणीचे उरलेले तेल मिसळून वापरण्याच्या प्रथेचा विचार करू लागल्यापासून मला पुनःपुन्हा याच प्रश्नापाशी येऊन थांबावे लागले आहे. ही प्रथा उष्ण हवेच्या प्रदेशांत सोपी आहे, स्वस्त आहे, आणि पुष्कळांच्या मते स्तुत्यही आहे. ती खरोखर स्तुत्य आहे काय, हे ठरविण्याआधी ती चालते कशी, हे थोडे समजून घेऊ.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की त्या दाबानेच ती तापते, आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. सगळी मदार त्या फवाऱ्यावर असते. डिझेल पातळ असल्यामुळे नोझलच्या सूक्ष्म छिद्रांतून त्याचे धुके बाहेर पडते. शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन किंवा पाम यांचे तेल ४० अंश सेल्सिअस तापमानाला डिझेलच्या सुमारे दहापट दाट असते. त्याचे धुके होत नाही, थेंब पडतात. थेंब पुरते जळत नाहीत, आणि जे जळत नाही त्याची नोझलच्या तोंडाशी काजळी धरते. म्हणून तेल पातळ करणे भाग पडते. ते तापवून पातळ करता येते, डिझेलमध्ये मिसळून करता येते, किंवा मेथॅनॉल आणि दाहक सोडा यांच्या साहाय्याने त्यातील ग्लिसरीन वेगळे काढून त्याचे बायोडिझेलही बनविता येते. तिसरी रीत सर्वांत निर्धोक खरी. पण ती रसायनशाळेची आहे, अंगणातली नव्हे.

हवामानाचा संबंध येतो तो येथे. युरोपातील हिवाळ्यात तळणीचे तेल डब्यातच गोठून बसते, म्हणून तेथे टाकी तापविण्याची वेगळी यंत्रणा जोडावी लागते. चेन्नईत किंवा कोकणपट्टीत पामतेल बहुधा वर्षभर वाहते राहते. खोबरेल तेल २४-२५ अंशांच्या खाली थिजते, हे तर आपल्यापैकी प्रत्येकाने स्नानगृहातील बाटलीत पाहिलेले असते. दिल्लीच्या जानेवारीत जे जमणार नाही, ते कोचीला सहज जमते. उन्हात ठेवलेल्या पिंपात तेल पातळ होते आणि त्यातील अन्नकण व पाणी लवकर तळाशी बसते. वरचे निवळलेले तेल ओतून घ्यावे, दाट विणीच्या कापडातून गाळावे, आणि थोडेसे तव्यावर तापवून पाहावे. तडतडले, तर पाणी अजून शिल्लक आहे. मग पाच भागांत एक भाग तेल व चार भाग डिझेल, असे मिश्रण जुन्या, संथ गतीच्या इंजिनांना बहुधा मानवते. राजकोटला वर्षानुवर्षे बनत आलेली लिस्टर धर्तीची इंजिने, जी पिठाच्या गिरण्यांत आणि विहिरींवर धडधडत असतात, ती तर याहून अधिकही सोसतात. उलट १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या निकषांप्रमाणे बनलेल्या नव्या मोटारींत असले तेल घालणे म्हणजे पैसे देऊन दुखणे विकत घेणे होय. त्यांचा अतिउच्च दाबाचा पंप आणि काजळी अडविणारी गाळणी या प्रयोगासाठी घडविलेल्या नाहीत.

उष्णतेचा हा लाभ एकतर्फी नाही. जी उष्णता तेल पातळ करते, तीच त्याला लवकर खवट करते. त्यात आम्ल वाढते, ते तांब्यापितळेचे भाग खाते, आणि पाण्याचा अंश राहिला असेल तर टाकीच्या तळाशी बुरशीसारखे शेवाळ धरते.

तथापि नीतीच्या दृष्टीने मला महत्त्वाची वाटते ती एक वेगळीच गोष्ट. या मिश्रणाने होणारी हानी ताबडतोब दिसत नाही. पहिल्या दिवशी इंजिन निमूट चालते, धुराला भज्यांचा वास येतो आणि मंडळी हसतात. पहिला महिनाही तसाच जातो. काही शे तासांनंतर नोझलवर काजळीचे कोंब फुटतात, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटतात, न जळलेले तेल खाली उतरून वंगणात मिसळते आणि वंगण लापशीसारखे दाट होऊ लागते. कृती आणि परिणाम यांच्यामध्ये एवढे अंतर पडले, की दोहोंच्या ठिकाणी एकच मनुष्य असेल याचा भरवसा उरत नाही.

आपल्या विहिरीवरील इंजिनात एखादा शेतकरी तेल मिसळतो, त्याला दोष कोण देईल? झीज त्याची, बचतही त्याची. पण मालकाच्या गाडीत तेल मिसळून वाचलेल्या डिझेलचे पैसे खिशात घालणारा चालक? किंवा दोन वर्षे असे तेल जाळून झाल्यावर “इंजिन अगदी उत्तम आहे” असे सांगून ते गावातल्या गिरणीवाल्याला विकणारा गृहस्थ? तिघांच्या टाकीत द्रव एकच होता. पहिल्याने मिश्रण केले, उरलेल्या दोघांनी भेसळ केली. ज्याला परिणाम भोगावा लागणार आहे, त्याला ते ठाऊक होते की नव्हते, एवढाच दोहोंतील फरक. गवळी आणि गृहिणी यांच्यातील भेदही तोच असावा, असे तूर्त मानून पुढे जाऊ.

तेल पातळ करण्यासाठी रॉकेल हा आणखी एक सोपा उपाय. आपल्या देशात शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या रॉकेलला निळा रंग देण्यात आला होता, तो ते गरिबाच्या स्टोव्हपर्यंत आणि कंदिलापर्यंतच जावे म्हणून. तेच रॉकेल टँकरमध्ये मिसळले जाऊ लागले. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ इंधनातील काळाबाजार चालू असताना पाहिला, ते जाब विचारण्यास थांबले, आणि त्यांना भर दिवसा जिवंत जाळण्यात आले. त्यांनी पाहिलेल्या प्रकारात रसायनशास्त्राच्या दृष्टीने नवे असे काही नव्हते. रॉकेल आणि डिझेल ही जवळच्या नात्यातील तेले आहेत, आणि कडाक्याच्या थंडीच्या देशांत डिझेल गोठू नये म्हणून ती उघडपणे एकत्र केलीही जातात. जे उघडपणे करता येते तेच लपविण्यासाठी माणसे दुसऱ्याचा जीव घेण्यापर्यंत जातात. सगळा नफा त्या लपविण्यातच असतो म्हणून.

आता आपण इंजिन क्षणभर बाजूला ठेवू आणि ताटाकडे वळू. कारण तेल या दोहोंमध्ये दोन्ही दिशांनी प्रवास करते. १९५९ साली मोरोक्कोत, मेकनेस शहर आणि त्याच्या परिसरात, शेकडो माणसांचे पाय एकाएकी लुळे पडू लागले. अमेरिकन विमानतळावरील शिल्लक मालातून विकले गेलेले विमानाच्या इंजिनाचे वंगण काही व्यापाऱ्यांनी खाण्याच्या तेलात मिसळले होते. सुमारे १०,००० माणसे त्याने बाधित झाली. ती बहुतांशी गरीब होती, कारण स्वस्त तेल गरीबच घेतो.

स्पेनमधील १९८१ सालची घटना याहून अधिक विचार करावयास लावते. तेथे फ्रान्सहून आणलेले मोहरीवर्गीय रेपसीडचे तेल कारखान्यांच्या वापरासाठी म्हणून येत असे. ते कोणी खाऊ नये, यासाठी कायद्यानेच त्यात ॲनिलीन हे रसायन मिसळले जाई. म्हणजे येथे मिश्रण हीच सावधगिरी होती. तेलाच्या अंगावर जणू ‘हे अन्न नव्हे’ असे लिहून ठेवलेले होते. काही व्यापाऱ्यांनी ते लिहिलेले पुसण्याचा उद्योग केला. तेल पुन्हा शुद्ध करण्याचा प्रयत्न करून त्यांनी ते पाच लिटरच्या विनानावाच्या डब्यांतून माद्रिदच्या आसपासच्या कामगार वस्त्यांत दारोदार विकले. सुमारे २०,००० माणसे आजारी पडली, आणि तीनशेहून अधिक मृत्युमुखी पडली. त्या तेलातील नेमक्या कोणत्या द्रव्याने हा घात केला, ते पुढे अनेक वर्षे संशोधन होऊनही निर्विवादपणे सिद्ध झाले नाही. आपल्या मुलांना खाऊ घालणाऱ्या त्या मातांना डब्यात काय आहे हे ठाऊक नव्हते. मला तर वाटते, विकणाऱ्यांनाही ते पुरते ठाऊक नसावे. आपल्याला जे ठाऊक नाही ते निरुपद्रवी असेल, असे धरून चालणे त्यांना फायद्याचे होते, इतकेच.

या दोन हकीकती सांगण्याचे कारण असे, की तळणीचे तेल इंजिनात जाळण्याच्या बाजूने मला सर्वांत वजनदार वाटणारा युक्तिवाद पर्यावरणाचा नाही, बचतीचाही नाही. जे तेल जळून गेले, ते पुन्हा कोणाच्या ताटात येऊ शकत नाही, हा तो युक्तिवाद होय. वारंवार तापविलेल्या तेलात विघटनाची द्रव्ये साठत जातात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठरविली. तिच्यापलीकडचे तेल अन्नासाठी वापरू नये, असा नियम झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये असे तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल बनविण्याची योजनाही पुढे आली. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्या आस्थापनांनी उरलेल्या तेलाची नोंद ठेवून ते अधिकृत संकलकाकडेच द्यावे, असे २०१९ पासून बंधन आले. नियम चांगला आहे. पण पन्नासाचा तो आकडा पुन्हा एकदा वाचा. मोठ्या उपाहारगृहाच्या मागील दाराशी वही आहे. नाक्यावरच्या वड्याच्या गाडीपाशी नाही. मोठ्या कढईतून निघालेले तेल वहीत न चढता स्वस्तात त्या छोट्या कढईत उतरले, तर पुढे ते कोठे गेले हे सांगणारा कागद कोणाजवळही नसतो.

आणि येथेच, वाचकहो, मघाशी तूर्त मानलेली आपली व्याख्या अपुरी पडते. समजा, त्या गाडीवाल्याने पाटी लावली, की ‘येथे तिसऱ्यांदा तापविलेल्या तेलात वडे तळले जातात’. सत्य सांगितले गेले. भेसळ संपली काय? सकाळी सातला कामावर निघालेला बिगारी, ज्याच्या खिशात एका वडापावापुरतेच पैसे आहेत, तो पाटी वाचूनही तेथेच खाणार. त्याला माहिती मिळाली, पर्याय मिळाला नाही. गृहिणी चहात पाणी घालते तेव्हा ती स्वतः तो चहा पिते, आणि घरच्यांना नको असेल तर ते नको म्हणू शकतात. तेव्हा नुसते ठाऊक असणे पुरेसे नाही. नाही म्हणण्याचे सामर्थ्यही हवे. ते ज्याच्यापाशी नाही, त्याला सत्य सांगून आपण केवळ आपले हात धुऊन घेतो.

उरलेले कोणासाठी ठेवावे, याविषयी एक फार जुना नियम अनुवादाच्या पुस्तकात आहे, आणि तो योगायोगाने तेलाच्याच झाडाचा आहे. जैतुनाचे झाड एकदा झोडपल्यावर पुन्हा त्याच्या फांद्या चाचपू नयेत. जे राहील ते उपऱ्यासाठी, पोरक्यासाठी आणि विधवेसाठी. हा नियम वाचताना एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. फांदीवर राहिलेले ते फळ मालकाने घेतलेल्या फळाइतकेच चांगले होते. तेथे गरिबाचा वाटा आधी आहे, वापरून झाल्यावरचा नाही. आपण मात्र उरलेले आणि टाकलेले या दोहोंना एकच समजू लागलो आहो. जुने कपडे, शिळे अन्न, मुदत संपत आलेली औषधे गरिबाला देताना आपल्याला औदार्याचा जो आनंद होतो, त्यात या घोटाळ्याचा वाटा किती, हे ज्याचे त्याने पाहावे.

‘टाकाऊ’ हा शब्द फसवा आहे, तो याचसाठी. तो वस्तूचा गुण सांगत नाही, बोलणाऱ्याची सोय सांगतो. २००३ नंतर आपल्याकडे मोगली एरंडाच्या लागवडीचा मोठा गाजावाजा झाला. त्याच्या बियांपासून डिझेल काढायचे, आणि लागवड ‘पडीक’ जमिनीवर करायची, म्हणजे अन्नाला धक्का नाही, असा तो हिशेब होता. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट लिहिले गेले. ते गाठले गेले नाही. पण अपयशाहून मला खटकतो तो ‘पडीक’ हा शब्द. त्यातील कितीतरी जमीन कोणाच्या शेळ्यांचे कुरण होती, कोणाची सरपणाची जागा होती. सात-बारावर त्यांचे नाव नव्हते, एवढ्यावरून ती रिकामी ठरली. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनातही असेच काहीसे घडले होते. तेथे ओटो कंपनीने एक लहानसे डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविले, आणि ते इतके सुरळीत चालले की फारच थोड्यांच्या ते ध्यानात आले. त्यामागे फ्रेंच सरकारची इच्छा होती, कारण त्यांच्या आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग भरपूर पिकत असे. तो पिकविणाऱ्याला आपले तेल इंजिनाला द्यावयाचे आहे काय, हे विचारणारा त्या दालनात कोणी नसावा.

मग वापरलेले तेल तरी निःसंशय टाकाऊ असते काय? युरोपीय संघाने २००९ च्या निर्देशात टाकाऊ पदार्थांपासून बनलेल्या इंधनाची मोजणी दुप्पट धरण्याची सवलत दिली. त्यामुळे आशियातून तिकडे जाणाऱ्या वापरलेल्या तेलाचा भाव कधी कधी ताज्या पामतेलाच्याही वर गेला. ताजे तेल वापरलेले म्हणून विकण्यात नफा दिसू लागला, आणि तशा लबाडीचा संशय अलीकडच्या काळात तेथे उघडपणे व्यक्त होत आहे. स्पेनमध्ये अखाद्य तेल खाद्य म्हणून विकले गेले. येथे खाद्य तेल अखाद्य म्हणून. ज्या देशाला आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणावे लागते, त्या आपल्या देशाला ही विनोदाची बाब मुळीच नाही.

तरीही या कारणाने ही प्रथाच टाकून द्यावी, असे मला वाटत नाही. तेल जाळावे, पण कोणाच्या कढईतून ते काढावयाचे, हे नीट ठरवून. एखाद्या वसतिगृहाच्या किंवा सभागृहाच्या आवारात जुने, संथ गतीचे जनरेटर असेल, तर त्याच्या व्यवस्थापकांनी मोठ्या उपाहारगृहाकडे जाण्याचे कारण नाही. तेथील तेलाला वही आहे, संकलक आहे. जावयाचे ते जवळच्या दोन-चार गाड्यांपाशी, रोज संध्याकाळी, डबा घेऊन. आणि भाव ठरवावयाचा तो टाकाऊ मालाचा नव्हे. दुसऱ्या दिवशी ताजे तेल घेताना गाडीवाल्याला जी तूट पडेल, ती भरून निघण्याइतका. हा भाव डिझेलच्या बचतीतून पुरता निघेलच असे नाही. लिटरमागे तेलातून मिळणारी शक्तीही डिझेलहून थोडी कमीच असते, आणि नोझल साफ करण्याचा खर्च वेगळा. ज्याला हा व्यवहार निव्वळ काटकसर म्हणून करावयाचा आहे, त्याने तो न करणेच बरे. ती तूट कोणी सोसावी, हा व्यवस्थापकांच्या बैठकीत मांडण्याचा विषय आहे, आणि तेथे त्यावर मतभेद होतील हेही उघड आहे. कोणी विचारील, वडेवाल्याच्या तेलाचा भार आपल्या फीमधून का? त्याला उत्तर देण्यापूर्वी वसतिगृहातील मुले सुटीच्या दिवशी वडे कोठे खातात, हे विचारून घ्यावे.

तोवर निदान इतके करता येईल. टाकीवर रंगाने मिश्रणाचे प्रमाण लिहून ठेवावे. वहीत तेल कोणाकडून, किती आणि काय भावाने आले ते लिहावे, आणि पुढेमागे ते जनरेटर विकण्याची वेळ आली, तर ती वही त्याच्याबरोबर द्यावी.